कोविडपेक्षा हृदयविकाराने जास्त माणसं जातात, मग?

उंटावरचा (धागालेखक)
आमच्या कौटुंबिक गटावर मेहुण्याशी वाजलं. विषय जुनाच, कोविड. त्याचं म्हणणं, "उगीच बाऊ केला. हृदयविकाराने दरवर्षी त्याहून जास्त लोक जातात, त्यासाठी कुणी जग बंद ठेवलं का?" मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं, आकडे काढले आणि तिथेच अडकलो. कारण आकडे त्याच्याच बाजूचे दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे. २०१९ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ५४ लाख माणसं वारली, त्यातली ८९ लाख हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने. २०२१ मध्ये एकूण मृत्यू ६ कोटी ८० लाख. हृदयविकार ९१ लाख, कोविड ८८ लाख. म्हणजे साथ ऐन भरात असतानाही कोविड दुसराच. शिवाय रस्त्यावर वर्षाला ११ लाख ९० हजार, आत्महत्या ७ लाखांहून जास्त, हिवताप सुमारे ६ लाख. तंबाखूपायी ७० लाखांच्या वर, खराब हवेपायी जवळपास तितकेच. सगळं एका तक्त्यात मांडून बेरीज केली तर कोविड पार कोपऱ्यात गेला.

तरी आतून वाटतंय की यात कुठेतरी गोची आहे. कुठे, ते धड सांगता येत नाही. तुलना करूच नये, की माझी पद्धत चुकली? लवकर लिहा, मेहुणा ऑनलाइन आहे.

पिंपळपान
पहिला नंबर! खुर्ची ओढून बसले आहे.

खडूस
मेहुणा हुशार आहे. त्यालाच इथे सदस्य करून घ्या.

बेरीज_वजाबाकी
गोची वेगात आहे. हृदयविकाराने गेल्या वर्षी जितके गेले, साधारण तितकेच यंदा जातील. शेजाऱ्याला झटका आला म्हणून पुढच्या आठवड्यात मला येत नाही. आता कोविड बघा. पहिला मृत्यू ११ जानेवारी २०२० ला जाहीर झाला. नोंदलेल्या मृत्यूंचा पहिला लाख १० एप्रिलला भरला, म्हणजे ९० दिवसांत. दुसरा लाख २५ एप्रिलला. १५ दिवसांत!

त्या मार्चमध्ये "आतापर्यंत तर फ्लूनेच जास्त मेलेत" असं सांगणारे खोटं बोलत नव्हते. चालत्या गाडीचा फोटो काढून तिचा वेग सांगत होते, इतकंच.

खडूस
गाडी थांबली ना पण शेवटी? वर्षाचा हिशेब ८८ लाख, ९१ च्या खाली. हिशेब वर्षाचाच करतात.

बेरीज_वजाबाकी
आपोआप थांबली असं समजताय का?

खडूस
आणि तुम्ही थांबवली असं समजताय का?

कोरा_कागद
झालं सुरू. पन्नास प्रतिसाद नक्की.

स्टेथो_गळ्यात
मी मृत्यूचे दाखले भरते, म्हणून जरा वेगळं लिहिते. धागालेखकाच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी रात्री अडीच वाजता, नातेवाईक दारात उभे असताना, एका कागदावर लिहिलेल्या ओळीतून आलेला असतो. (कित्येक देशांत तर तोही कागद नसतो, तिथले आकडे अंदाजाने काढावे लागतात.)

त्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्यात सगळ्यात वर लिहायचं ते शेवटचं, लगेचचं कारण. त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते कशामुळे, असं उतरत मूळ कारणापर्यंत यायचं. दुसऱ्या भागात बाकीचे आजार, ज्यांनी हातभार लावला पण साखळीत नाहीत. जगभरच्या तक्त्यांत जातं ते फक्त मूळ कारण. एक माणूस, एक कारण. मधुमेह, उच्च रक्तदाब, वर न्यूमोनिया, वर किडनी बंद, तरी रकाना एकच.

नवीन असताना मी पहिल्या ओळीत बिनधास्त "हृदय व श्वसन बंद पडणे" लिहायचे. आमच्या वरिष्ठांनी एकदा कागद परत केला आणि म्हणाले, "हे मरणाचं कारण नाही, ही मरणाची व्याख्या आहे. हृदय चालू असताना कोण मेलंय का?" असे दाखले मोजणीत गेले की हृदयविकाराचा रकाना उगीच फुगतो. त्यामुळे ९१ आणि ८८ मधला ३ लाखांचा फरक मी तरी फार गांभीर्याने घेणार नाही.

पिंपळपान
>> ही मरणाची व्याख्या आहे
हे भारी आहे. बाय द वे, जन्म हेच मूळ कारण लिहिलं तर? साखळी तिथेच जाऊन थांबते.

स्टेथो_गळ्यात
पिंपळपान, लिहून बघा, तो कागदही परत येईल.

खडूस
डॉक्टरबाईंनी माझंच काम सोपं केलं. कोविडचा रकानाही असाच फुगला ना? चाचणी पॉझिटिव्ह, मग बसखाली आला तरी कोविड.

स्टेथो_गळ्यात
बसचं उदाहरण येणार हे माहीत होतं. काही ठिकाणी तसं झालं, नाकारत नाही. इंग्लंडमध्ये एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस नंतर कधीही, कशानेही गेला तरी तो रोजच्या मोजणीत धरला जायचा. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी २८ दिवसांची मर्यादा घातली, आणि ब्रिटनचा आकडा एका दिवसात ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. पाच हजारांवर माणसं यादीतून कमी.

आता दुसरी बाजू. मे २०२१ अखेर पेरू देशाने आपल्या नोंदी नव्याने तपासल्या. आकडा ६९,३४२ होता, तो १,८०,७६४ झाला. एका फेरतपासणीत अडीच पटींहून जास्त. चूक दोन्हीकडे होते हो, पण दोन्हीकडे सारखी होत नाही. चाचणीच झाली नाही तो माणूस कुठल्याच रकान्यात जात नाही.

जुनी_वही
हा वाद साडेतीनशे वर्षांचा आहे, आणि त्यावरचा तोडगाही तितकाच जुना. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. कारण ठरवायला घरोघर म्हाताऱ्या बायका पाठवत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्यांवर पुस्तक लिहिलं. तो सांगतो की या बायकांना दोन घोट बिअर आणि दुप्पट फी मिळाली की लाजिरवाणा आजार बदलून 'क्षय' होतो.

खरी गंमत पुढे आहे. १६२५ च्या प्लेगच्या वर्षाची यादी बघताना त्याच्या लक्षात आलं की प्लेग सोडून बाकीच्या आजारांचे मृत्यूसुद्धा त्या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बाकीचे आजार त्याच वर्षी का चेकाळतील? त्याने ओळखलं की प्लेगचे मृत्यू दुसऱ्या नावांखाली लपलेत, आणि खरा आकडा छापलेल्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जास्त धरावा असं सुचवलं. १८४७ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी विल्यम फार या इंग्रज आकडेतज्ज्ञाने हेच गणित पुन्हा केलं. आज त्याला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. कोण कशाने गेलं हे विचारायचंच नाही. एरवी किती गेले असते आणि प्रत्यक्षात किती गेले, एवढंच बघायचं. बसखालचा माणूस आपोआप वजा होतो, कारण बसखाली माणसं दरवर्षीच येतात.

बेरीज_वजाबाकी
वा, जुनी_वही! आणि याच रीतीने २०२० आणि २०२१ ची बेरीज जागतिक आरोग्य संघटनेने १ कोटी ४९ लाख काढली. त्या दोन वर्षांत कोविड म्हणून नोंद होती सुमारे ५४ लाखांची. धाग्यातला ८८ लाख हा आकडाही अंदाजाचाच आहे, नोंदीचा नव्हे. अर्थात काही सरकारांना हे पटलं नाही, आणि 'एरवी किती गेले असते' हाही शेवटी अंदाजच, हे मान्य.

सांजवात
धागा कालपासून वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

माझे बाबा लाटेच्या दिवसांत गेले. कोविड नव्हता, चाचणी निगेटिव्ह होती. पहाटे छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिकेला फोन लागेना, लागला तेव्हा दोन तास लागतील म्हणाले. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. पहिल्या ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी आत घेतलं पण तोवर सगळं संपलं होतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय. बरोबरच आहे, हृदयविकारच होता.

पण त्या ९१ लाखांत त्यांना मोजून कुणी म्हणतं की बघा, हृदयविकाराने जास्त गेले, कोविडचा बाऊ केला, तेव्हा मला काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

कोरा_कागद
_/\_

स्टेथो_गळ्यात
सांजवात, तेव्हा दारात उभं राहून नाही म्हणणाऱ्यांत मीही होते. तुमच्या गावची नसेन, पण होते. अजून काही लिहीत नाही.

खडूस
ताई, मनापासून वाईट वाटलं. माझा रोख तुमच्या बाबांवर नव्हता.

एक मुद्दा मांडतो, राग नसावा. जे गेले त्यांत बहुतेक वयस्क आणि आधीच आजारी होते. रस्त्यावर पंचविशीचा मुलगा जातो. ५ ते २९ या वयात जगभर पहिलं कारण रस्ताच आहे. दोघांची मोजणी एकास एक कशी करायची? ऐंशीचा माणूस आज नाही तर दोन वर्षांनी...

विमा_नको
वीस वर्षं विम्याची गणितं केली, म्हणून या "आज ना उद्या"वर बोलायलाच हवं. सरासरी आयुर्मान ७२ म्हणजे ७५ वर्षांच्या माणसाच्या खात्यात उणे ३ वर्षं उरलीत असं नसतं. ती सरासरी जन्मतःची, लहानपणी गेलेले धरून. ज्याने पंचाहत्तरी गाठली त्याच्यापुढे साधारण दहाएक वर्षं असतात, आजार धरले तर थोडी कमी. शून्य कधीच नसतात.

खडूस यांचा मूळ मुद्दा मात्र रास्त आहे. नुसती डोकी मोजण्याऐवजी गमावलेली वर्षं मोजली तर रस्ते, हिवताप, नवजात बाळांचे मृत्यू झपकन वर येतात आणि म्हातारपणचे आजार खाली सरकतात. कोविडही थोडा खाली येतो, पण नाहीसा होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात जगाचं सरासरी आयुर्मान १.८ वर्षांनी घसरून ७१.४ वर आलं, २०१२ मध्ये होतं तिथे. दहा वर्षांची कमाई दोन वर्षांत गेली. हृदयविकार इतका मोठा असूनही असा खड्डा पाडत नाही, कारण तो सरासरीत आधीच धरलेला असतो.

ब्रिटनचे संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी मार्च २०२० मध्येच एक बाब दाखवली होती. वयाप्रमाणे कोविडचा धोका ज्या चढाने वाढतो, जवळपास त्याच चढाने एरवीचा मरणाचा धोकाही वाढतो. म्हणजे लागण होणं हे ढोबळमानाने वर्षभराचा धोका काही आठवड्यांत उरकून घेण्यासारखं. ऐकायला सौम्य वाटतं. पण एका गावातल्या सगळ्यांनी वर्षाचा धोका एकाच महिन्यात घेतला तर खाटा किती लागतील? सांजवात यांनी लिहिलं ते त्यातूनच होतं.

उंटावरचा
विमा_नको, उत्तम प्रतिसाद. मग माझी ती बेरीज? हृदयविकार अधिक तंबाखू अधिक हवा...

विमा_नको
ती बेरीज मी सौजन्याने दुर्लक्षित केली होती. हृदयविकार हा आजार आहे, तंबाखू हे त्यामागचं कारण आहे. बिडी ओढणारा, धुरकट शहरात राहणारा माणूस हृदयविकाराने गेला तर तो तुमच्या तक्त्यात तीनदा मेला.

पिंपळपान
तीनदा मेला =)) =))

उंटावरचा
तो तक्ता मेहुण्याला पाठवून झालाय. आता काय करू?

विमा_नको
आणखी ऐका. पहिला नंबर कुणाचा, हे तक्ता आखणारा ठरवतो. सगळे कर्करोग एकत्र धरा, वर्षाला सुमारे १ कोटी होतात. म्हणजे तुमच्या यादीत पहिला नंबर त्यांचा. पण तक्त्यात ते अवयवानुसार फोडतात, मग सगळ्यात मोठा फुप्फुसाचा, १८ लाख, आणि तो बराच खाली जातो. उलट हृदय, पक्षाघात वगैरे रक्ताभिसरणाचे सगळे एकत्र धरले तर आकडा पावणेदोन कोटींच्या पुढे. मरणारी माणसं तीच. रेघा कुठे मारल्या यावर सगळं.

गोळीनंबरसहा
मला वेगळाच राग आहे. खडूस म्हणतात त्यात अर्धं सत्य आहे, पण त्यांनी उदाहरण चुकीचं घेतलं. हृदयविकार नका घेऊ, क्षय घ्या.

मला क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी, तोंडाला चव नाही, आणि ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते दुसऱ्याचं बघितलं होतं. क्षय संसर्गजन्य आहे, हवेतून पसरतो, म्हणजे बेरीज_वजाबाकी यांची 'शेजाऱ्यापासून मला' ही अट पूर्ण करतो. २०२३ मध्ये १२ लाख ५० हजार लोक गेले, आणि एकाच जंतूने सर्वाधिक माणसं मारण्याचा मान कोविडकडून पुन्हा क्षयाकडे आला. लस कोणती? बीसीजी, पहिल्यांदा १९२१ मध्ये दिलेली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. कोविडची पहिली लाट आली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये लोकांना लस टोचायला सुरुवात झाली. जमतं म्हणजे! मनात आणलं की जमतं. फक्त आजार कुणाला होतो यावर मनात येणं अवलंबून असतं.

खडूस
गोळीनंबरसहा, हेच तर मी म्हणतोय!

गोळीनंबरसहा
नाही हो. तुम्ही म्हणताय, कोविडसाठी एवढं करायला नको होतं. मी म्हणतोय, क्षयासाठीही तेवढं करायला हवं होतं. तुलना एकच, तुम्ही ती खाली ओढताय.

बेरीज_वजाबाकी
+१. आणि 'गाडी तुम्ही थांबवली का' हे उत्तर राहिलं होतं. साधा फ्लू बघा. एरवी श्वसनाच्या त्रासाने वर्षाला २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक घेऊन जातो. २०२०-२१ मध्ये तो जवळपास गायब झाला. त्याचा बी-यामागाता नावाचा वाण तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. मुखपट्ट्या, बंद शाळा, थांबलेली विमानं यांनी एका विषाणूचा वाणच बहुधा संपवला. तेव्हा ८८ लाख हा आकडा एवढं सगळं करून उरलेला आहे. काही न करता होणाऱ्या हृदयविकाराशेजारी तो ठेवताना हे लक्षात ठेवा.

खडूस
फ्लूचं माहीत नव्हतं. मान्य.

पण मग उपायांची किंमतही मांडा. २०१९ मध्ये जगात क्षयाचे ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये ५८ लाख. क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे कमी झाले होते. त्यातले कितीजण नंतर गेले? ते कुणाच्या खात्यावर?

गोळीनंबरसहा
याला माझं पूर्ण अनुमोदन. मलाही उशिराच कळलं होतं.

संपादक
दोन व्यक्तिगत टिप्पण्या उडवल्या आहेत. विषयावर राहावे.

पिंपळपान
अरेरे, मी वाचायच्या आतच उडाल्या.

जुनी_वही
थोडं अवांतर, पण प्रमाणाचं कुणी बोललंच नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात साधारण ५ कोटी गेले असं मानतात. तेव्हा जगाची लोकसंख्या सुमारे १८० कोटी, म्हणजे शंभरात जवळपास तीन. कोविडच्या दोन वर्षांत १ कोटी ४९ लाख, आणि आपण पावणेआठशे कोटींच्या वर, म्हणजे हजारात दोन. आणि १९१८ ने नेमके विशी ते चाळिशीतले गाठले. भारताच्या जनगणनांत लोकसंख्या घटलेलं दशक एकच, १९११ ते १९२१, ते मुख्यतः याच साथीमुळे. त्याउलट एचआयव्ही. तो वर्षाला कधीच पहिल्या नंबरावर आला नाही, पण चाळीस वर्षांत मिळून ४ कोटींवर माणसं घेऊन गेला. एका वर्षाचा तक्ता काढला की असला सावकाश चालणारा निसटतो.

निवांत
भीतीचेही बळी असतात. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत लोकांनी विमान सोडून गाडी धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाने पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे १५०० जण जास्तीचे रस्त्यावर गेले. धोका टाळायला निघाले आणि मोठ्या धोक्यात बसले.

कोरा_कागद
पन्नाशी हुकणार असं दिसतंय, सगळे समजूतदार निघाले.

उंटावरचा
सगळ्यांचे आभार. काल तक्ता फाडून नवीन केला. तंबाखू आणि हवा बाहेर काढले. वर्षाच्या आकड्याशेजारी 'गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त' असा रकाना घातला. त्यात हृदयविकाराची वाढ नखाएवढी, रस्ते जवळजवळ शून्य, आणि कोविड एकटा उभा. गोळीनंबरसहा यांच्यासाठी आणखी एक रकाना करायचा होता, 'जमत असून केलं नाही' असा. पण त्याला आकडा कुठून आणू?

सांजवात, तुमच्या बाबांना कुठे धरायचं हे मला दोन दिवस सुचत नव्हतं. जुनी_वही यांच्या त्या कापडव्यापाऱ्याच्या रीतीने बघितलं तर ते १ कोटी ४९ लाखांत आहेत. दाखल्यावर काहीही असो.

सांजवात
हो, तो प्रतिसाद मी पुन्हा वाचला. आईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढं शिकलेल्या लोकांना हे कळायला प्लेग यावा लागला का?

जुनी_वही
आईंना नमस्कार सांगा.

खडूस
मेहुणा काय म्हणाला, ते राहिलंच.

उंटावरचा
नवीन तक्ता पाठवला. त्याने अंगठा दाखवला आणि लगेच विचारलं, लसीमुळे किती गेले.

बेरीज_वजाबाकी
वेगळा धागा काढा. इथे नको.

पिंपळपान
काढा काढा, खुर्ची हलवलेली नाही.